एकतीस नंबरचं वाडगं

सिचोमोवी
८ फेब्रुवारी १९९९

कोरा,

मिशनच्या शाळेतल्या धोबीघराच्या मागच्या पायऱ्या तुला आठवतात का? शनिवारी दुपारी आपण दोघी तिथे बसून सिस्टर लोकांचे काळे मोजे रफू करायचो. तू एक पायरी वर बसायचीस, कारण खालच्या पायरीवर मोरीचं पाणी यायचं आणि तुझे बूट नवे असायचे. आत सिस्टर बोनावेंचर इस्त्री फिरवत असत. इस्त्रीचा आवाज थांबला की आपण गप्प. सुरू झाला की तू लगेच कुजबुजायचीस, "आता ढगाला काय म्हणतात ते सांग." मी सांगायचे. माझ्या तोंडात आमची भाषा सापडली तर मला साबण चाटावा लागे. तुला कुणी काही म्हणत नसे. तू दुकानदाराची मुलगी. पावातल्या मनुका काढून तू एप्रनच्या खिशात जपून ठेवायचीस आणि एका शब्दामागे एक मनुका मला द्यायचीस. त्या खिशातल्या लोकरीच्या तंतूंसकट मी त्या खाल्ल्या आहेत. अजून मनुका जिभेवर आली की मला रफूची सुई आठवते.

तुझं पुस्तक परवा पोचलं. कागद फार चांगला आहे. त्यातल्या फोटोंत आईची भांडी दिसतात तितकी झगझगीत मी ती कधी पाहिली नव्हती. आमच्या घरात ती फडताळात असायची आणि फडताळाला खिडकी नव्हती.

पुस्तकासोबतचं पत्रही वाचलं. तुझा संग्रह पूर्वेकडच्या एका मोठ्या संग्रहालयात जाणार, त्यांना या पुस्तकाची मोठी आवृत्ती काढायची आहे, आणि त्यात मी आईवर एक पान लिहावं. खाली माझं नाव छापणार. 'अगाथा, स्थानिक माहितगार.'

माहितगार! कोरा, बावन्न वर्षं तू मला ओळखतेस.

मी पान लिहिणार नाही. हे पत्र लिहिते आहे ते तुझ्या चौसष्टाव्या पानामुळे. नंबर एकतीस. 'वाडगं, पिवळी माती, काळा व तांबडा रंग. लोमान्सी यांचं अखेरचं काम. काठाखालची रेघ कलाकाराने स्वतःच्या हाताने जोडून पूर्ण केलेली. या घराण्यात असं उदाहरण दुसरं नाही. ऑक्टोबर १९८३.'

तुला माहीत होतं.

सोळा वर्षं मी समजत होते की तुला कळलं नसेल. गोरी बाई, कितीही शिकली तरी तिच्या नजरेतून निसटलं असेल, असं मी मनाला सांगत आले. आणि तू तर छापलंस. काठाखालची रेघ आमच्या घरात कुणी पूर्ण करत नाही. बोटभर जागा सोडतात. आई त्या जागेला दार म्हणायची. जोवर बाईला अजून भांडी घडवायची आहेत तोवर दार उघडं ठेवायचं. हे मीच तुला सांगितलं होतं, त्याच पायऱ्यांवर. माझ्या पहिल्या मडक्यावर मी गोल रेघ पूर्ण केली होती, कारण शाळेत अर्धवट गोलाला गुण मिळत नसत. आईने ती ओल्या बोटाने पुसली आणि मग माझ्या गालाला तेच बोट लावलं. ही गोष्ट ऐकून तू हसली होतीस. म्हणजे तुला ती ठाऊक होती.

आईने दार मिटलं आणि अकराव्या दिवशी ती गेली. ते वाडगं तिने स्वतःच्या जेवणासाठी केलं होतं. इथून गेल्यावर वाटेवर लागणाऱ्या चार दिवसांच्या जेवणासाठी. धाकट्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, तिने तसं सांगितलं होतं. आमच्यात मावशीला आईच म्हणतात हे तुला नव्याने सांगायला नको. आई गेली तेव्हा वाडगं घरात नव्हतं, तुझ्या गाडीत बसून सांता फे शहरात गेलं होतं. मग आम्ही तिला एनॅमलच्या वाडग्यात वाढलं. निळ्या काठाचं. तुझ्या वडिलांच्या दुकानातलं.

तू ते घेतलंस त्या दिवशी मी घरी नव्हते. पाणी भरायला खाली गेले होते. असते तर तुझ्या हातात पडू दिलं नसतं.

बाकीची तीस भांडी तू कुठेही दे. एकतीस नंबर मला परत हवं आहे. ते माझ्यासाठी मागत नाही, ज्या बाईचं आहे तिच्यासाठी मागते.

अगाथा


सिचोमोवी
१ मार्च

कोरा,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं आहे. सिस्टर बोनावेंचर म्हणत असत की टाइप केलेलं पत्र दुकानदाराला पाठवावं, माणसाला नाही. तू मला नेमकं काय समजतेस ते मी विचारत बसत नाही.

तू लिहितेस की तुझ्याजवळ त्या दिवसाची नोंद आहे. असेल. आमच्या घरात बसून कॉफी पिताना तुझ्या मांडीवर कायम ती छोटी वही असायची. आई तिला 'कोराचं बाळ' म्हणायची. "आलीस? आणि बाळही आणलंस का?" आम्ही हसायचो, आणि त्या हसण्याचीही तू नोंद करायचीस.

नोंदीत लिहिलं आहे म्हणे की मी त्या दिवशी घरी होते. तुझं बाळ तुझ्यासारखंच बोलणार.

आता तुझ्या नोंदींविषयी थोडं. नंबर चार. 'लहान सुरई, लोमान्सी, अंदाजे १९४८. प्रयोगाच्या काळातली, मुद्दाम साधलेला असमतोल.' कोरा, ती सुरई तू केलीस. बारा वर्षांची होतीस, सुट्टीत आमच्याकडे आली होतीस. आईने तुला मातीचा गोळा दिला आणि तू दिवसभर त्याच्याशी मारामारी केलीस. सुरई एका बाजूला बसली म्हणून तू रडलीस. आई म्हणाली, "राहू दे गं, दमली आहे बिचारी, टेकून बसली आहे." दुसऱ्या दिवशी तिने ती आपल्या भांड्यांबरोबर आव्यात ठेवली, मेंढ्यांच्या लेंड्या तिच्या भोवती सगळ्यात नीट रचल्या. माझ्या आईच्या अंगठ्याचा ठसा इतका जाड कधीच नव्हता. हे तुला माहीत आहे आणि तरी तू ते छापलंस. आता कुणी विद्वान त्या असमतोलावर भाषण देईल.

आणि त्या ॲशट्रे! अकरा ॲशट्रे. 'संक्रमणकाळ.' रस्त्यावरून प्रवासी जायचे, त्यांना दुसरं काही नको असायचं, म्हणून आई एका दिवसात सहा-सहा ॲशट्रे वळायची आणि वळताना त्या सिगारेट ओढणाऱ्यांना ज्या शिव्या द्यायची त्या तुझ्या नोंदीत नाहीत. त्या शिव्यांचे अर्थही मीच तुला सांगितले होते. मनुका न घेता.

पण मी हसण्यासाठी लिहायला बसलेली नाही. तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद मी तीनदा वाचला. तू म्हणतेस की संग्रहालयाशी बोलणं झालेलं आहे आणि आता मागे फिरणं अवघड आहे. शिवाय, 'मीही लोमान्सीची मुलगी आहे. तुझ्या वडिलांच्या बहिणींनी माझे केस धुतले, मला नाव दिलं. आईने मला जे दिलं ते मुलीला दिलं. तू जितकी तिची तितकीच मी.'

हे वाचून मला राग आला, हे मला मान्य आहे. मग मी पत्र घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

पण ते खरं आहे. केस धुतले होते. मी स्वतः पाणी ओतलं होतं. तुला 'तावान्सी' म्हणून पहिली हाक मारली तीही मीच. आईने त्यानंतर तुला पाहुण्यांच्या बाजूला कधी बसवलं नाही. माझ्याच ताटलीत वाढलं, आणि मटणाचा चांगला तुकडा कुणाला यावरून आपण दोघी भांडलो तेव्हा तिने तो मधोमध तोडला.

तू मुलगी आहेस की नाही हे मी एकटी ठरवू शकत नाही. ज्यांनी नाव दिलं त्या ठरवतील. बेसी-आत्या अजून आहे. नव्वदीची आहे, पण कान माझ्याहून तिखट. तुझं पत्र मी तिच्यापुढे वाचणार आहे. टाइप केलेलं असलं तरी.

अगाथा


सिचोमोवी
२१ मार्च

कोरा,

वारा सुटला आहे. दोन दिवस धुळीमुळे खालचा रस्ता दिसत नाही, म्हणून सगळ्या बायका घरातच होत्या. ते बरंच झालं.

धाकटी आई तापल्या दगडावर पिकीच्या कागदासारख्या पातळ पोळ्या काढत होती. माझी लेक डेल्फिन तिच्या हाताखाली निळं पीठ कालवत होती. बेसी-आत्याला आम्ही गाडीतून आणलं आणि शेगडीजवळ बसवलं. मग मी तुझं पत्र वाचलं, आपल्या भाषेत करत करत.

"कोण कोरा?" आत्या म्हणाली. "ती बकरीच्या केसांची?"

"तीच, आत्या."

"अगं, केस कसले ते! युक्काच्या मुळांचा फेस त्यांवर टिकेचना. एकीला एक मूळ पुरतं, हिला मी तीन कुटली. माझी मनगटं गेली त्या पोरीपायी."

"आणि रडली किती!" धाकटी आई म्हणाली. "डोळ्यांत फेस गेला म्हणून. शेजारपाजारचे विचारायला आले, कुणाला मारताय म्हणून."

"मारायलाच हवं होतं," आत्या म्हणाली. "आता फार उशीर झाला. मोठी झाली असेल."

"आत्या, ती बासष्टची आहे," मी म्हटलं.

"म्हणजे अजून वेळ आहे."

डेल्फिन पीठ कालवता कालवता म्हणाली, "पण आधी ठरवा तरी, ती या घरची मुलगी आहे का नाही? आई महिनाभर रागाने भांडी आपटते आहे. माझे दोन कप गेले."

आत्या तिच्याकडे अशी वळली की मला शाळेतल्या मोठ्या सिस्टर आठवल्या. "ठरवायचं काय त्यात? केस धुतले. कणीस कपाळाला लावलं. नाव ठेवलं. मी ठेवलं. माझं नाव म्हणजे काय कोट आहे, उकडलं की काढून खुंटीला लावला?"

"म्हणजे भांडी तिचीच?" मी म्हटलं. माझा आवाज मला आवडला नाही.

आत्या हसायला लागली. इतकी हसली की धाकट्या आईने पळीतून पाणी दिलं. "अगं वेडे, शाळेत जाऊन जाऊन तू पण त्यांच्यासारखा विचार करायला लागलीस. मुलगी आहे म्हणूनच तर तिची नाहीत! परक्या बाईने विकत घेतली असती तर गेली ती गेली. पण मुलगी म्हणते स्वतःला. मग मुलीने घरातली भांडी घराबाहेर कशी दिली? घर रानमोहरी कुळातल्या बायकांचं. भांडी घराची. आई गेल्यावर कुणाला काय ते घरातली थोरली सांगते. ही कोरा म्हणते, मी मुलगी. छान. तिला म्हणावं, बस खाली, आणि थोरली काय म्हणते ते ऐक."

थोरली म्हणजे धाकटी आई. आम्ही तिच्याकडे पाहिलं. ती तापलेल्या दगडावर हात फिरवत होती, पिकीचा पापुद्रा सुटत आला होता. "मला नका मधे घेऊ," ती म्हणाली. "माझी पिकी जळेल. अगाथा सांगेल. तिला लिहिता येतं."

तेव्हा ऐक, तावान्सी. तू मुलगी आहेस. तू मागितलंस आणि तुला मिळालं. आता एकतीस नंबर पुरेसं नाही. सगळी परत यायची आहेत.

इथे पत्र संपवावं असं मी ठरवलं होतं. पण त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली, आणि धाकट्या आईने ती लिहायला सांगितली आहे.

तिने पिकीची गुंडाळी केली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "आणि कोराने वाडगं नेलं त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"पाणी भरायला," मी म्हटलं.

"त्या दिवशी पाणी मी भरलं होतं," ती म्हणाली.

डेल्फिनने माझ्याकडे पाहिलं आणि मग पिठाकडे.

मी घरी होते. तुझ्या बाळाने बरोबर लिहिलं आहे.

आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू आला होता. रेघा हलायला लागल्या होत्या. त्या वर्षी एका दुकानाने तिची दोन भांडी परत पाठवली होती आणि मी ती तिला न सांगता पलंगाखाली ठेवली होती. तिचं नाव खाली पडू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या सकाळी आव्याची राख उपसून मी ते वाडगं बाहेर काढलं. फार सुंदर भाजलं होतं, एका अंगाला पिकलेल्या जर्दाळूसारखं. मी फिरवून पाहिलं आणि रेघ पूर्ण जुळलेली दिसली. मी तिच्यावर ओरडले, कोरा. "दिसत नाही तर रंगवतेस कशाला? शेवटपर्यंत नेलीस रेघ! आता लोक काय म्हणतील?" ती खिडकीखालच्या बाकावर बसली होती. ओलं बोट करून पुसता येण्यासारखं ते आता राहिलं नव्हतं.

मग तू आलीस. मीच ते वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा, कुणी बघायच्या आत," म्हटलं. तू कागद सोडलास. तुझा अंगठा काठाखालून फिरायला लागला, दार शोधत. एकदा फिरला. पुन्हा फिरला. मग थांबला. तू आईकडे पाहिलंस आणि आईने तुझ्याकडे.

"नेतेस?" आईने विचारलं.

"हो, आई," तू म्हणालीस.

"मग मला कशात वाढणार गं?"

आपण हसलो. तिची थट्टा नेहमीचीच होती. आधी तू हसलीस, मग मी. आई सगळ्यात शेवटी हसली.

त्यापुढे ती एक शब्द बोलली नाही. एका मुलीने दुसरीला दिलेली वस्तू ती मागून घेणाऱ्यांतली नव्हती, आणि मरणाचं नाव कुणी तोंडाने काढत नाही. तिला जेवढं म्हणता येत होतं तेवढं ती म्हणाली होती. तिथे दोन मुली होत्या. एकीला ती भाषा जन्मापासून येत होती, दुसरीने ती शब्दाशब्दाने शिकून घेतली होती.

रेघ डोळ्यांमुळे जुळली असं मी तिला म्हटलं. मला तेव्हाच कळलं होतं, कोरा. नऊ वर्षांची असल्यापासून मला कळत होतं. मला ते घरात नको होतं. तुझ्या गाडीतून ते लांब गेलं तर ती जाणार नाही, असं काहीतरी माझ्या मनात होतं. इतकी शिकलेली बाई आणि अशी समजूत.

हे वाचून तुला सुटल्यासारखं वाटेल. वाटू देऊ नकोस. मी भीतीने दिलं. तू कशाने घेतलंस? तू थांबली असतीस, नुसती त्या बाकावर तिच्याशेजारी बसली असतीस, तर तिला उरलेले दिवस सोबत झाली असती. मला कळून न कळल्यासारखं करावं लागलं नसतं. त्याऐवजी तू लगेच निघालीस, कॉफी अर्धी टाकून, आणि सांता फेला पोचल्यावर नोंद केलीस. 'दुसरं उदाहरण नाही.'

मी दोषी आहे, ते मी माझ्या घरात बसून बघते. तू तुझा दोष छापून त्यावर नंबर घातलास.

भांडी पाठव.

अगाथा


सिचोमोवी
१४ एप्रिल

तावान्सी,

या वेळी तू हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, सिस्टरनी ठोकून ठोकून उजवीकडे कलवलेलं.

संग्रहालयाच्या कागदांवर सह्या झालेल्या नव्हत्या आणि आता होणार नाहीत, हे वाचलं. गाडी घेऊन स्वतः येतेस हेही वाचलं. 'मलाही कळलं होतं, अंगठा थांबला तेव्हाच,' हे वाचलं. त्याखाली जो शब्द आहे, जो आपण दर शुक्रवारी पापांच्या कबुलीला फादरसमोर गुडघे टेकून म्हणायचो, तोही वाचला आणि पान उलटलं. त्याचं उत्तर मी देणार नाही. मला ते येत नाही. तू जेवायला थांबशील तेव्हा तुला वाढलं जाईल, आणि बेसी-आत्या तुला काय वाटेल ते बोलेल, तू ऐकून घेशील. एवढं मी सांगू शकते.

तू विचारलंस, कुणाला काय. धाकट्या आईने मला सांगायला सांगितलं आहे, म्हणून सांगते. गाडीत याच क्रमाने भर, म्हणजे दारात गोंधळ होणार नाही.

मोठा रांजण, पक्ष्यांच्या शेपट्यांचा, तुझा नंबर दोन, धाकट्या आईला. त्यात पूर्वी पीठ असायचं, आताही पीठ राहील. आतून काही रसायन लावलं असेल तर आत्ताच सांग, नंतर नको.

खांद्याला अडकवायची पाण्याची चपटी सुरई बेसी-आत्याला. तिने ती एक्कावन्न साली आईकडे मागितली होती आणि आईने दिली नव्हती. दोघींमध्ये त्यावरून काय झालं होतं ते आत्या तुला सांगेलच. मान डोलाव.

बुडाला काजळी असलेली दोन मोठी वाडगी डेल्फिनला. काजळी धुतली नसशील तर उपकार. उंच पांढरं भांडंही तिलाच. आई आतली बाजू कशी खरवडायची ते डेल्फिनला मी तोंडाने सांगून सांगून थकले. तिला त्यात हात घालू दे. तू किंवा मी मधे बोलायचं नाही.

सतरा नंबर, जे तुझ्या तज्ज्ञाने डिंकाने जोडलं आहे, ते पुन्हा सुटं कर. ते फुटलं तेव्हाच आईने बाजूला ठेवलं होतं, आव्यात नव्या भांड्यांवर झाकायला खापऱ्या लागतात म्हणून. तुला ती कचरा वाटली की खजिना, मला ठाऊक नाही. त्या खापऱ्याही डेल्फिनला. ती मे महिन्यात आवा लावणार आहे.

अकरा ॲशट्रे संग्रहालयाला दे. ते इतकं मोठं पुस्तक काढणार होते, त्यांना रिकाम्या हाताने कसं परतवायचं.

नंबर चार तुझं. तळाशी आईचं नाव आहे ते काढून तुझं घाल. ती दमली आहे, टेकून बसू दे.

बाकीची रानमोहरीच्या मुली वयाप्रमाणे येऊन उचलतील. मी यादी करणार नाही. आवडेल ते घेतील, भांडतील, एखादं फुटेल. तू वही काढू नकोस.

एकतीस नंबर आईला.

त्यासाठी शनिवारी सकाळी ये, वारा उठायच्या आधी. ते गाडीत मागे ठेवू नकोस, मांडीवर घे, गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे. कागदात गुंडाळू नकोस. उताराखाली जिथे ती आहे ती जागा तुला माहीत नाही, तेव्हा तू थांबली नव्हतीस. मी दाखवीन. मटण-मक्याची नोक्विवी धाकटी आई शिजवेल, वाढीन मी, आणि घेऊन तू चालशील. वाट खडकाची आहे, सांभाळून. खाली गेल्यावर प्रार्थना म्हणू नकोस, आमची नको आणि सिस्टरची तर नकोच. ठेवायचं आणि मागे न बघता वर यायचं.

आणखी एक. पुस्तकातल्या फोटोत दिसतं, प्रत्येक भांड्याच्या तळाशी तू पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईने आकडा घातला आहेस. या वाडग्याचा काढून ये. साबण लावू नकोस, बारीक ओल्या वाळूने घास, हाताने, जितका वेळ लागेल तितका. काही उरायला नको. आईला वाचता येत नव्हतं, लिहिलेलं काही दिसलं की ती माझ्यापुढे धरायची आणि विचारायची, काय लिहिलंय यात. या वेळी तिने विचारलं तर मला सांगावं लागेल.

अगाथा